चौऱ्याहत्तरच्या जागी एकवीस

अप्पांना रेल्वेत जायचं होतं.
प्रतापनगरला डॉक्टरांनी
ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं.
तिथे चौऱ्याहत्तर होते.
अप्पांनी खणखणीत आवाजात वाचले एकवीस.

मग एकतीस वर्षं सेवा सदनच्या पाणीखात्यात
त्यांनी बडोद्याचे मीटर वाचले.
पांढऱ्यावर काळे आकडे,
त्यात लपाछपी नसते.

निवृत्तीनंतर छाणी रोडच्या मनसुखभाईंनी
मोबाइलवर फोटो दाखवला:
हा पाम बघा साहेब, परदेशी बियाणं,
नवं पान उघडतं ते लालभडक,
दहा-बारा दिवस राहतं, मग बाकीच्यांसारखं.
वर्षाला एक, फार तर दोन.
अप्पा म्हणाले, द्या.

का घेतलं, मी विचारलं नाही.
आमच्या घरात असलं विचारत नाहीत.

बोअरचं पाणी खारं, त्याने पानांची टोकं जळतात,
म्हणून एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत.
वैशाखात भोवती ओली गोणपाटं.
तरलाबेन कुंपणावरून म्हणायच्या,
"एका पानासाठी केटली माथाकूट!
आसोपालव लावा ने, अप्पा."
विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं त्या रात्री
आधी कुंडी गच्चीवर गेली,
मग गाद्या,
मग माझ्या लग्नाचा अल्बम.

सहा वर्षं नुसतं हिरवं.
म्हणजे मला हिरवं.

सातव्या वर्षी फोन आला:
"पोंगा फुटतोय. ये."
सुभानपुऱ्याहून स्कूटर काढली, हेल्मेट विसरले.
अप्पा खुर्ची घेऊन समोरच बसले होते,
निकालाच्या दिवशी बसतात तसे.
"सांग," म्हणाले.

काय सांगायचं?
लाल म्हणून चालणार नव्हतं,
तो शब्द त्यांच्याकडे होताच, रिकामा.
मी म्हटलं, डाळिंब सोलताना नखात शिरतं ना, तसं.
शिरेपाशी जरा काळसर.
टोकाकडे तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या…
नाही, तसंही नाही.
थांबा, उन्हात बघते.
ते "हं" म्हणत राहिले,
मीटरचा आकडा वहीत उतरवावा तसे.
मग बोट फिरवून म्हणाले,
"ओल्या नोटेसारखं लागतंय. नवी नोट. भिजलेली."

बाराव्या दिवशी रंग उतरला.
मला उगीच वाईट वाटलं.
अप्पा म्हणाले, "छे, आहे तसंच आहे.
थोडं कडक झालंय इतकंच."

हे सगळं मागचं.
यंदा निहार सहा वर्षांचा झाला.
सुट्टीत आजोबांकडे, ओट्यावर पालथा पडून
त्याने पाम काढला, कुंडीच्या तड्यासकट.
जुनी पानं हिरवी.
त्या खडूंवर नावं होती, त्याला वाचता येतात.
नव्या पानासाठी मात्र
कागद सोललेला एक तुकडा उचलला
आणि मन लावून
ते तपकिरी भरलं.

"अरे," मी म्हटलं,
आणि पुढचं गिळलं.
पान समोर होतं.
माझ्या डोळ्यांना ते पेटलेलं होतं.

अप्पांनी चित्र हातात घेतलं,
लांब धरलं, जवळ आणलं,
पानाशेजारी नेऊन ताडून पाहिलं.
"एकदम बरोबर," म्हणाले.
असं त्यांना कुणाच्या चित्राबद्दल
म्हणताना मी ऐकलं नव्हतं.
"कशासारखं दिसतंय रे तुला?"
"गुळासारखं."
"बघ!" अप्पा माझ्याकडे वळले,
"गूळच! मला शब्द सापडत नव्हता."

शाळेत शिकले होते हे.
बापाकडून मुलीला, मुलीकडून तिच्या मुलाला.
मधल्या बाईला सगळं दिसतं.
वहीत चौकोन काढून दाखवला होता पटेलबाईंनी,
मला पैकीच्या पैकी मार्क होते.

त्या दोघांनी खुर्ची पानाजवळ ओढली.
या वेळी मला कुणी "सांग" म्हटलं नाही.
एसीची बादली काठोकाठ भरली होती.
मी ती उचलली
आणि बुंध्याशी, हळूहळू, सगळी ओतली.