हरकत

मार्केट यार्डात आमचं झेरॉक्सचं दुकान,
दोन्ही बाजूंना हळदीची गोदामं.
मशीनची काच मी दिवसातून चारदा पुसतो,
तरी मिरजेच्या कचेरीतला कारकून कागद हुंगून विचारतो,
सांगलीहून आणलात काय?

शालन ऐवळे सव्वीस वर्षं हळकुंडं निवडते.
तिचा अंगठा मशीनला पटत नाही.
रेशनच्या रांगेत ती तो पदराला पुसते,
फुंकर घालते,
जीव घेऊन दाबते.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणतं मशीन.
"हरकत न्हाई," म्हणते शालन,
"उद्या येते."

मसुदा आला तेव्हा
मुदतीचे सत्तावीस दिवस उलटून गेले होते.
एकशे बारा पानं, सगळी इंग्रजीत.
माणसाचं बोट, डोळा, चेहरा
कुठे साठवायचा, किती वर्षं,
कुणाच्या हवाली करायचा.
शेवटच्या पानावर तळाशी, बारीक टायपात:
हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.

वकिली शिकणारी खुतेजा मुजावर
पोत्यावर बसून वाचत होती,
वाचता वाचता मराठी करत होती.
संमतीपाशी शालननं अडवलं.
"संमती म्हंजी?"
म्हणजे तुम्ही हो म्हणालात.
"कवा?"

खुतेजानं पानं मागे उलटली, पुढे उलटली.
मग म्हणाली, असं बघा मावशी,
वजन त्यांनी केलं, आकडा त्यांनी लिहिला,
आणि पट्टीही त्यांच्याच खिशात.
भोवतीच्या बायकांचे हात
सुपात थांबले.
"आत्ता कळलं," कुणीतरी म्हणालं,
"आदीच सांगायचं की."

अर्ज भरायला रात्र झाली.
संस्थेचं नाव सक्तीचं होतं.
आम्ही लिहिलं: हळद निवडणाऱ्या बायका, गाळा बासष्ट.
ओटीपी गेला लेकाच्या फोनवर,
लेक कुपवाडला पाळीवर,
फोन गेटवरच्या वॉचमनच्या खणात.
दोनदा आकडे शिळे झाले.
तिसऱ्यांदा वॉचमननंच वाचून दाखवले,
एकेक आकडा, ओरडून,
मागे यंत्रं धडधडत होती.

मराठी टाकली की चौकोन उमटायचे.
नुसते चौकोन, रिकाम्या खिडक्यांसारखे.
खुतेजानं कुठलीशी कळ बदलली
आणि एका खिडकीत
शालनचा श दिसला.

चारशे अक्षरांची जागा.
शालननं सांगितलं, मी टाइप केलं,
एक काना इकडचा तिकडे केला नाही:
माजं बोट कामानं झिजलंय.
जुळलं न्हाई तर मी खोटी
असं लिवू नका.
मशीनबी खोटं आसू शकतं
आसं लिवायला एक रकाना ठेवा.
आन् माज्या बोटाचं काय केलं
ते मला माज्या भाषेत सांगा.

मी विचारलं, अजून जागा आहे, काही लिहू?
"धान्य द्या," ती म्हणाली.
तेही लिहिलं.

एका रात्रीत एकेचाळीस हरकती.
पोहोच आली, लांबलचक नंबर, खाली धन्यवाद.
"कोन वाचनार ह्ये?"
खुतेजा माझ्याकडे बघत राहिली,
मी मशीनकडे.

पोहोचेची प्रत काढली, अजून गरम होती.
शालननं ती चार घड्या घालून बटव्यात ठेवली,
दहाची नोट दिली.
तीन रुपये सुटे नव्हते माझ्याकडे.
राहू देत का पुढच्या वेळेला, म्हणालो.

"हरकत न्हा–"
ती उंबऱ्यावर थांबली.
"हाय," म्हणाली.
"बगा गल्ल्यात नीट."