चौदा अंश

मे महिन्यात स्वेटर घेऊन कामाला निघते
म्हणून जासईच्या नाक्यावर बायका हसतात मला.
द्रोणागिरीच्या बाँड गोदामात
बाराही महिने चौदा अंश.
दारूला उकडता कामा नये,
माणूस कुडकुडला तर चालतो.

माझं काम : फिरंगी बाटलीच्या पाठीवर
आपल्या सरकारचा कागद चिकटवणं.
आयातदार, किंमत, मद्यपान आरोग्यास हानिकारक.
‘शातो मोरव्हालला पुढून हात नाही लावायचा,’
बिजू साहेब बजावतात, ‘चित्र झाकलं तर पेटी परत.’
चित्रात बुटका बुरूज, दोन झाडं
आणि एक भिंत, कागद संपला तरी न संपलेली.

पेटीत चोपडं असतं. साहेब त्यावर मोबाइल धरतात,
मोबाइल आपल्या मराठीत बोलतो :
‘येथे दगड दिवसा सूर्य पितो व रात्री वेलीस पाजतो.’
मला पटलं.
आमच्या तापवणीतलं पाणीही असंच करायचं.

साडेतीनशे वर्षं एक नाव, एक भिंत.
मग मुळांना कीड लागली,
मळा उभ्याउभ्या वाळला.
मालकीण विधवा, मादाम ओर्तांस.
तिनं घरच्या देवळाची घंटा विकली,
समुद्रापारची रानटी मुळं मागवली
आणि आपल्या वेली त्यांवर बांधल्या.
म्हणजे वर खानदान, खाली उपरे.
इथं साहेब थांबले. ते कोट्टयमचे.
हसले, आणि पान उलटलं.

पुढच्या पानावर एक माणूस डोळे मिटून चाखतो,
सांगतो, ही द्राक्षं नदीकडची, ही टेकाडावरची.
एवढ्याचा पगार मिळतो त्याला!
माझा बाप जोमा खडा जिभेवर ठेवायचा,
म्हणायचा, ‘ह्यो मीठ आपला नाय.
वाकऱ्या आगराचा हाय.’
आगरांना नावं होती. थोरला, वाकरा, सवतीचा.
गोणीवर मात्र नुसतं मीठ, पन्नास किलो.
सवतीच्या आगरावर आता हे गोदाम,
रॅक सात ते अकरा असावेत,
नक्की नाही सांगता येत.
आमची भिंत नव्हती, बांध होता,
तोही दर दिवाळीनंतर नव्यानं घालायचो.

मार्चमध्ये एक बाटली फुटली.
कस्टमवाला येईपर्यंत पुसायची नाही.
दोन तास मी त्या लाल थारोळ्याची राखण केली.
ओल्या शेवाळाचा वास, मागून जांभळाच्या बीचा.
तो आला, ‘फूट, नग एक’ लिहून गेला.

लादीच्या सांध्यातून इथं पांढरं काहीतरी फुलतं.
साहेब म्हणतात, सिमेंट हलकं वापरलंय.
फडकं मारायच्या आधी
मी तिथं बोट टेकवलं, जिभेला लावलं.
खारट. मागून जरासं आंबट.
कुठल्या सालचं,
नाही ओळखता आलं मला.