सतरा नंबर

जूनमध्ये मी त्याच्या आईला म्हटलं होतं,
दुसरीकडं बघा की एखादी शाळा,
इथं अडतीस पोरं, मी एकटी.
ती कपिलतीर्थ मंडईत मेथी-शेपू विकते.
काही बोलली नाही.
दप्तर त्याच्या बाकावर ठेवलं
आणि बुट्टी उचलून गेली.

रेवण चौगुले. चौथी ब.
प्रशिक्षणाच्या फाइलीत त्याच्यासाठी एक शब्द आहे,
लांबलचक, कडक इस्त्रीचा.
फाइलीत हे नाही, की
पंखा तीनवर असला तर तो पहिल्या बाकावर बसतो,
पाचवर गेला की दारात,
आणि माझ्या चपलेची करकर
त्याला दाताखाली खडा आल्यासारखी लागते.
हौसेनं घेतलेली कापशी जोडी,
आता उंबऱ्याबाहेर काढते.
जानेवारीत फरशी गार असते. असू दे.

सुट्टीचा टोल म्हणजे रुळाचा तुकडा आणि गज.
पहिला आठवडा तो बाकाखाली,
गुडघ्यांत डोकं, तळवे कानांवर.
पोरं हसली.
मी, खरं सांगायचं तर, घड्याळ बघत होते.
सर्जेराव शिपाई, जुना पैलवान,
तालमीत दोन्ही कान मोडून कांद्यासारखे झालेले,
टोलाआधी खिडकीशी येतो आता,
दोन बोटं दाखवतो. मग एक.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
"कानाचं दुखणं मला ठावं हाय, बाई."

हजेरीला रेवण बोलत नाही.
सतरा म्हटलं की तहसीन बागवान मागून ओरडायची,
"हाय बाई, हितंच हाय!"
हळू म्हण, सांगितलं तिला.
तर हळू म्हणायला लागली,
पण मान उंच करून, घरचंच माणूस असल्यासारखी.

परवा तहसीनला ताप.
सतराला कुणीच बोललं नाही,
तो दिसत होता, मी खूण केली, पुढं गेले.
एकतीस.
वर्ग गप्प. पंखा तीनवर.
रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मागं दोन ट्रॉल्या,
रेवण तिकडंच बघत होता.
तिकडंच बघत म्हणाला,
"हाय बाई. हितंच हाय."

तिचाच हेल. शेवटच्या 'हाय'ला तिचाच झोका.

हजेरीपटात खोटं लिहायचं नसतं.
मी पेन खाली ठेवलं,
एकतीसच्या चौकटीत पेन्सिलीनं
एक टिंब दिलं,
खोडता येईल असं,
आणि चष्मा पुसत बसले.
बत्तीसवाली भोसल्यांची पोर
तोवर दोनदा "हजर" म्हणून
खालीही बसली होती.