डाख

जिंतूरला, मोंढ्यामागच्या बोळीत,
मी दिलेला पहिला डाख
मण्यासारखा घरंगळत फरशीवर गेला
आणि तिथं चपटा होऊन चमकत राहिला.
"छान," वाजेदभाई म्हणाले, "नथीत घाल."

तार तांब्याची, तिला मुळात घाई.
राळेचा धूर निघाला की लगेच राजी.
पत्रा अडून बसतो.
"घास."
घासला.
"अजून. चमकतो म्हणजे स्वच्छ असतो का?
वरचा मुलामा जाऊ दे, मग बोल."
पॉलिशपेपरनं बोटांच्या रेषा गेल्या,
आठ दिवस रेशनच्या मशीनवर
माझा अंगठा उमटेना.

"आणि कथील काहून वितळवतीस?
पत्रा तापव. कथील आपल्या पायानं येतं."

तरी त्या दिवशी बोरीचे लिंबाजी
फवारणीचा पंप घेऊन आले.
बॅटरीच्या पत्तीवरून तार सुटलेली,
आणि त्यांना पाचची बस धरायची होती.
मी डाख दिला
आणि फुंकर मारली,
भाजल्यावर आई मारते तशी.
डाख राखाडी पडला, खरबरीत.
वरून चिकटपट्टी गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी पंप परत.
लिंबाजी काही बोलले नाहीत.
फक्त चहा नको म्हणाले.

वाजेदभाईंनी चिकटपट्टी सोडवली,
नखानं डाख उचलला.
अख्खा निघाला, सदऱ्याच्या गुंडीसारखा.
खाली पत्ती कोरी,
तिला कुणी शिवलंच नव्हतं.
त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.
बास.

पुन्हा घासलं. पुन्हा राळ.
आधी पत्तीला पातळ कथील, मग तारेला,
मग दोघींना एका जागी आणलं,
आयर्न टेकवलं,
आणि लाईट गेली.

"हात तिथंच राहू दे," अंधारातून आवाज,
"एका डाखापुरती धग आहे त्यात."

लिंबाजींनी मोबाईलचा उजेड धरला.
कथील थांबलं, थांबलं,
आणि मग पाण्यासारखं पसरलं
पत्तीच्या कडेपर्यंत,
तारेच्या एकेका केसाखाली.

आता कुणी हलायचं नाही.
वाजेदभाईंचे हात वर्षभर कापतात,
म्हणून तर मी इथं आहे.
त्यांनी ते पाठीमागे घेतले
आणि श्वास धरला.
मी फुंकर ओठांतच ठेवली.

पाचची बस हॉर्न देत
मोंढ्यावरून निघून गेली.
लिंबाजींनी उजेड हलवला नाही.