पंधरा दिवसांची जागा

ठराव क्रमांक सात.
डिचोलीकडे जाणाऱ्या खाणीच्या जुन्या रस्त्यालगतची पडीक जमीन,
जिथं टिपर थांबायचे, टिपर होते तेव्हा.
माती अजून तांबडी. चपलेला सोडत नाही.

टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं शिपाई कुष्टानं.
तीनशे चौरस मीटर भरले, वर थोडं उरलं,
ते काजूच्या झाडाला दिलं.
एक नळ. खांबावर एक दिवा.
दोन संडास, पत्र्याचं दार, आतून कडी
(कडी आतून हवी, हे मला तीनदा लिहून पाठवावं लागलं)
आणि पाटी.
पाटीवरच्या शब्दांत दोन महिने गेले.
'भटक्यांसाठी' नको म्हणाले,
'पाहुण्यांसाठी' तर मुळीच नको.
शेवटी पेंटरनं आपल्या मनानं रंगवलं:
तात्पुरते. पंधरा दिवस.
कोण, ते राहूनच गेलं.

ग्रामसभेत दामू गावस उभे राहिले,
'एकदा बसले की उठत नाहीत हे लोक.'
त्यांचा थोरला स्विंडनला, एका खोलीत पाचजण,
धाकटा बोटीवर, बंदर सांगता येत नाही.
हे मी बोलले नाही. मी सचिव, मी फक्त लिहिते.
बोलले ते देवळात घंटेपाशी बसणारे जयवंतमामा,
बसल्या बसल्याच, सुपारी गालात:
'आमचो देव खंयसून आयलो रे दामू?
राती, होडयेंतल्यान.
कोणें तरी जागो दिलो न्हय?
तो लेगीत पंदरा दिसांकच आयिल्लो आसतलो.'
कुणी हसलं, कुणी नाही.
इतिवृत्तात मी 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं.

दसऱ्याच्या आधी आले. एक टेम्पो, चार माणसं,
दोन पोरं, भाता, ऐरण, एक लंगडा कुत्रा.
हौसाबाई सोळंके, घिसाडी, घण तीच मारते.
नवऱ्याचा हात चिमट्यावर, डोळा निखाऱ्यावर.
अर्ज भरायला मी सतरंजीवर बसले.
कायमचा पत्ता?
'कुठल्या महिन्याचा?' तिनं विचारलं.
थट्टा नव्हती. ती खरंच थांबली होती, मी महिना सांगेन म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे सुजलेले सगळ्यांचे.
नळाला पाणी नाही? आहे.
साप? नाही.
'बाई, तो दिवा.
उजेडात झोप येत न्हाई. टॉर्च आल्यावानी वाटतं.'
मागल्या वर्षी अस्नोड्याच्या पुलाखाली,
त्याआधी म्हापशाच्या बाजारामागं,
उजेड यायचा तो उठवायलाच यायचा.
ज्या दिव्यासाठी मी वीजखात्यात चार खेपा घातल्या
त्याचा फ्यूज कुष्टानं काढून खिशात ठेवला.

मग कोयते येऊ लागले. विळे, पारया, आदोळ्या,
बेर्नादेतचा मासळी कापायचा सुरा, मुठीला सुतळी.
कापणी तोंडावर, भात पिवळं पडलेलं.
ऐरणीचा आवाज पंचायतीच्या खिडकीत यायचा,
शिक्के मारताना माझा हात त्याच तालावर पडायचा,
एक दाखला दोनदा शिक्क्याचा गेला.
दामू गावसांचा कोयताही आला,
नातवाच्या हाती, वर्तमानपत्रात गुंडाळून.
तिनं पैसे घेतले, बाकीच्यांइतकेच.

बाराव्या दिवशी टेम्पो भरलेला.
मी म्हटलं, अजून तीन दिवस आहेत तुमचे.
'तुमच्या गावात आता बोथट काय उरलं न्हाई, बाई.'
आणि चूल विझवायला पाण्याची कळशी कलंडली,
वाफ उठली, कुत्रा शिंकला.

संध्याकाळी नोंदवही उघडली.
आगमन, निर्गमन, शेरा.
त्या तीन दिवसांचं काय करायचं,
याला रकाना नाही.
कुष्टा विचारत होता, फ्यूज परत घालू?
मी म्हटलं, राहू दे.
तो अजून त्याच्या खिशात आहे,
सुट्ट्या पैशांत वाजतो.