बोट नावाचं खातं

ग्रिम्सबीत जानेवारीत चार वाजताच अंधार पडतो.
लिनेटनं केटल लावली, चष्मा शोधला
आणि गॅसच्या बिलाच्या पाठीवर दोन रकाने आखले.

डावीकडे कार्ड: चार हजार एकशे ऐंशी पाऊंड,
व्याज जवळजवळ पंचवीस टक्के.
त्यात बॉयलर आहे, मांजरीचं ऑपरेशन आहे,
क्लाइव्हचे गुडघे गेल्यावर बिनपगारी बसलेले चार महिने आहेत,
आणि एक कोट आहे, मोरपंखी रंगाचा,
जो तिनं फक्त दोनदा घातला.
कोटाचं ती कुणाला सांगत नाही.

उजवीकडे शिल्लक: तीन हजार पन्नास, दीड टक्क्यानं.
बँकेच्या ॲपमध्ये खात्याला नाव देता येतं.
क्लाइव्हनं दिलंय: बोट.

मोठी नाही. सोळा फुटी, सेकंडहॅण्ड.
फ्रिजवर मॅग्नेटखाली तिचा फोटो आहे,
खरं तर दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटीचा.
तीस वर्षं बर्फातली मासळी ट्रकनं वाहिलेल्या माणसाला
एकदा तरी मासा पोहताना भेटायचं होतं.

हिशेब चौथीतलं पोरही करेल.
कार्ड महिन्याला शहाऐंशी खातं,
बोट महिन्याला चारसुद्धा कमवत नाही.
चमच्यानं भरायचं, बादलीनं ओतायचं
आणि मधे उभं राहून म्हणायचं,
आपली गंगाजळी शाबूत आहे.

पण हिशेबाला फ्रिज दिसत नाही.

म्हणून तिनं ड्रॉवरमधलं दुसऱ्या बँकेचं पत्र काढलं.
नवं कार्ड. जुनी बाकी इकडे आणा,
वीस महिने शून्य व्याज, फी फक्त तीन टक्के.
याची टोपी त्याच्या डोक्यावर,
पण टोपीला वीस महिने भाडं नाही!
सगळं कर्ज तिकडे, बोट जागच्या जागी,
आणि क्लाइव्हला ताकास तूर नाही.
एका बोटानं तिनं फॉर्म भरला.
पगार. घर. किती वर्षं याच पत्त्यावर.
चकती फिरत राहिली.

मंजूर. मर्यादा सोळाशे.

सोळाशे.
जणू कुणी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं
आणि म्हणालं, एवढ्याचीच.

चहा गार झाला होता.
क्लाइव्ह दारात कधीपासून उभा होता कोण जाणे.
त्यानं दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं,
ट्रकच्या डिलिव्हरीची यादी वाचायचा तसं, ओळ न गाळता.
"पंधराशे तिकडे टाक," म्हणाला,
"उरलेले सव्वीसशे ऐंशी माझ्यातून."
बोटीतून म्हणाला नाही. माझ्यातून.

"मग राहतात तीनशे सत्तर."
"वॉशिंग मशीन आहेच की बसायला टेकलेलं. त्याला लागतील."

तेव्हा तिनं कोटाचं सांगितलं.
"माहीत आहे," तो म्हणाला. "घालत का नाहीस?"

फी पंचेचाळीस पाऊंड. बोटीचं वर्षाचं व्याज
पंचेचाळीस पाऊंड पंचाहत्तर पेन्स.
दोघं त्या पंचाहत्तर पेन्सवर उगाचच हसले.
सत्त्याहत्तर पाऊंड पंचवीस पेन्स, दर एक तारखेला, वीस वेळा:
तिनं बँकेला कायमची सूचना देऊन टाकली,
कारण स्वतःच्या आठवणीवर तिचा भरवसा नव्हता.
एक हप्ता चुकला तर शून्य गेलं, हे पत्रात बारीक टायपात होतं.
ॲपनं विचारलं, बोटमधून रक्कम काढायची, नक्की?
तिनं फोन क्लाइव्हकडे सरकवला.
नक्की, त्यानं दाबलं. नाव बदललं नाही.

रविवारी ते क्लीथॉर्प्सला गेले, डब्यात सँडविच घेऊन.
ओहोटी इतकी दूर गेली होती की समुद्र ऐकीव वाटावा.
चिखलात एक छोटी बोट कुशीवर कलंडलेली,
तिच्यावर खडूनं लिहिलेला फोन नंबर.
क्लाइव्ह काठी टेकत तिकडे वळला.
"अहो!" मोरपंखी कोटातून ती ओरडली.
"नुसतं विचारायला," तो मागे न बघता म्हणाला,
"व्याज लागत नाही."