दारावरचा माणूस

फ्रीसलंडच्या कालव्यावर माझी दोन दारं होती.
खालचं उघडायचं तर आधी वरचं मिटायचं,
मधल्या हौदात बोट, आणि बोटीवर
घाईत असलेली माणसं.
गळाला लाकडी बूट बांधून मी त्यांच्यापुढे धरायचो,
त्यात नाणं पडायचं. कधी नुसतं बटण.
थांबा, एवढं म्हणायचा मला पगार होता.
एकेचाळीस वर्षं.

मार्चमध्ये चाकावर हात होता
आणि पुढच्या क्षणी गालाखाली गवत, ओलं.

लेउवार्डनच्या इस्पितळात सीत्स्के नावाच्या मुलीने
कागदाची लांब पट्टी माझ्या मांडीवर पसरली.
या बुटक्या टेकड्या वरच्या दालनांच्या. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर.
तिथे उजव्या कोपऱ्यात एक ठिपका असतो,
त्याला कुणी सांगत नाही,
तो आपला आपणच ठिणगी टाकत बसतो.
आणि हे सुळके खालच्या दालनांचे. बत्तीस.
दोघांची बोलाचाली बंद आहे.

मधे काय असतं, मी विचारलं.

गाठ. वरून आलेली वीज ती अडवून धरते,
सेकंदाचा दहावा भाग, जेमतेम,
तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं,
मग सोडते.
तुमची आता सोडतच नाही.

मी हसलो. तिला वाटलं, म्हाताऱ्याला कळलं नाही.
पोरी, गाठ कसली, तो माणूस आहे,
उशीर करतो म्हणून सगळ्यांच्या शिव्या खाणारा.
त्याने उशीर केला नाही
तर बोट आपटते.

रात्री उशीवर कान ठेवून ते बत्तीस ऐकत पडलो.
वरून निरोप नाही, दारवान आडवा,
तरी खाली अंधारात कुणीतरी
जड हाताने, आपल्याच हिशेबाने
काम ओढत होतं.

सकाळी येल्त्येला विचारलं,
त्या दिवशी हौदात अडकलेली बोट सोडली कुणी?
तिने संत्रं सोलता सोलता तळवे दाखवले.
दोन्हीकडे फोड.
चाकाला तिने कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

आता गळ्याच्या हाडाखाली एक डबी आहे.
तिची एक तार वरचं ऐकते,
डबी थोडं थांबते,
मग दुसरीतून खाली कळवते.
नवा माणूस बरा आहे, घाई करत नाही.
फक्त बूट पुढे करायला
त्याला अजून कुणी शिकवलेलं नाही.